काटा कुणाचा?

2023 चा ऑगस्ट. पीकविम्याची मुदत संपून आठवडा झाला असेल-नसेल, आणि बाबांच्या सेवा केंद्रातला कॉम्प्युटर बसला. चालू केला की आतून टकटक आवाज यायचा आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या दोन ओळी येऊन थांबायच्या. एक रुपयातल्या पीकविम्याचं ते पहिलंच वर्ष. मुदत संपेपर्यंत दिवसा सर्व्हर डाऊन, म्हणून रात्री अकरानंतर लोक यायचे. ओट्यावर बसून राहायचे, डास मारत. बाबा आणि त्यांच्या मदतीचा पोरगा पहाटे तीनपर्यंत फॉर्म भरायचे.

त्या डिस्कमध्ये काय होतं, ते मला बाबांनी बोटांवर मोजत सांगितलं. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाचं पहिलं पान, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. अशी पाच पानं, आणि असे शेकडो शेतकरी. काम झालं की स्कॅन पुसून टाकायचे असतात हे बाबांना माहीत होतं. पण विमा नामंजूर झाला की तोच माणूस परत येतो, आणि कागद पुन्हा मागितला की चिडतो. म्हणून ठेवलेले.

डिस्क नांदेडला दुरुस्तीला गेली. चार दिवसांनी नव्या डिस्कवर सगळं उतरवून परत आली. एकही फाईल गेली नव्हती. मी म्हटलं, चला, सुटलो. बाबा मात्र गप्प होते. रात्री जेवताना म्हणाले, "सगळं परत आलं म्हणजे त्यानं सगळं उघडलं असंल की."

"उघडल्याशिवाय कॉपी होत नाही असं नाही बाबा."

"पण उघडलं का नाही, हे मला कसं कळंल?"

मला उत्तर आलं नाही. दुरुस्ती करणारा माणूस सरळ असेल, बहुतेक होताच. पण त्याच्या सरळपणाचा पुरावा आमच्याकडे नव्हता, आणि मिळायची सोयही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या नव्या डिस्कला पासवर्डाचं एन्क्रिप्शन लावून दिलं. आता ती कुठंही गेली तरी उघडायची नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि चालू असताना?"

चालू असताना सगळं उघडंच असतं. फॉर्म भरायचा तर अक्षरं मेमरीत मोकळी हवीत. हा प्रश्न बाबांनी सहज विचारला होता, पण पुढं वर्षभरानं मी त्याच प्रश्नाच्या पगारावर काम करणार होते, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

मी मूळची इथलीच, हिमायतनगरची. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी लागली, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बॅग घेऊन घरी आले ती राहिलेच. हिमायतनगर म्हणजे जुनं वाढोणा. म्हातारी माणसं अजून वाढोणाच म्हणतात, आणि परमेश्वराच्या मंदिराला तर वाढोण्याचा परमेश्वरच. महाशिवरात्रीला यात्रा भरते तेव्हा आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते आणि नेटही मरतं. मुदखेड–आदिलाबाद लाईनवरचं स्टेशन, मुंबईला जायचं तर नंदीग्राम एक्स्प्रेस. वर पैनगंगा, तिच्यापलीकडं विदर्भ, खाली तेलंगण. इथं बसून पुण्यातल्या सर्व्हरवर काम करते म्हटलं की पूर्वी लोक हसायचे. आता पोरगी घरी बसून काय करते, एवढंच विचारतात.

आमची कंपनी लहान. दवाखाने आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करते. 2024 च्या सुरुवातीला एका ग्राहकानं, नाव सांगत नाही, आमच्यापुढं अट ठेवली. नोंदी भाड्याच्या क्लाउडवर ठेवायला हरकत नाही. पण क्लाउडवाल्याला त्या दिसता कामा नयेत. आमच्या साहेबांनी बैठकीत सांगितलं की डिस्क एन्क्रिप्टेड आहे, नेटवर्क एन्क्रिप्टेड आहे. पलीकडून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि चालू असताना?"

मला हसू आलं. माइक बंद होता, बरं झालं.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. 2015 साली मायक्रोसॉफ्टनं पुण्यात डेटा सेंटर सुरू केलं, 2016 साली ॲमेझॉननं मुंबईत. तिथं एका मोठ्या यंत्रावर अनेकांची व्हर्च्युअल मशीन चालतात. व्हर्च्युअल मशीन म्हणजे प्रोग्रामनं उभा केलेला कॉम्प्युटर; ज्यानं तो उभा केला त्या हायपरव्हायजरला त्याच्या मेमरीचं पान न् पान दिसतं. भाडेकरूनं आतून कितीही कड्या लावल्या तरी भिंतीच घरमालकाच्या असतात.

यावर चिप बनवणाऱ्यांनीच उपाय काढला. एएमडीनं 2016 साली मेमरी एन्क्रिप्शन जाहीर केलं, पुढं प्रोसेसरचे रजिस्टरही झाकले, आणि 2021 च्या एपिक प्रोसेसरांत एसईव्ही-एसएनपी नावाचं पूर्ण प्रकरण आलं. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची किल्ली प्रोसेसरच्या आत, एका वेगळ्या छोट्या सुरक्षा-प्रोसेसरजवळ. ती बाहेर येतच नाही. शिवाय मेमरीच्या प्रत्येक 4 केबीच्या पानाची मालकी कुणाकडं आहे, याचं एक खातं हार्डवेअरच ठेवतं. हायपरव्हायजरनं गुपचूप पान बदललं, किंवा जुनं पान परत आणून लावलं, की प्रोसेसर अडवतो. तलाठ्याच्या दप्तरासारखं, फक्त यात फेरफार मालकाच्या संमतीशिवाय होत नाही. (हे वाक्य मी आमच्या पुण्याच्या टीमला सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही. गावाकडं वाचून दाखवलं तर सगळे हसले.)

मला विश्वास बसेना, म्हणून एक खेळ केला. पुण्याच्या लॅबमधल्या एपिक सर्व्हरवर एक साधं व्हर्च्युअल मशीन चालू केलं, त्यात एका फाईलीत "वाढोण्याचा परमेश्वर" असं लिहिलं, आणि बाहेरून, म्हणजे ते चालवणाऱ्या होस्ट यंत्रावरून, त्याची मेमरी फाईलीत उतरवून शोधलं. तीन ठिकाणी सापडलं. एके ठिकाणी तर मी खोडलेला चुकीचा शब्दही तसाच होता. मग तेच एसएनपी लावून केलं. काही सापडलं नाही. मी दोनदा, तीनदा शोधलं. देव सापडत नाही म्हणून एवढा आनंद मला पहिल्यांदाच झाला.

पण यात एक भोक आहे, आणि माझं पुढचं सहा महिन्यांचं काम त्या भोकात गेलं.

खऱ्या कॉम्प्युटरच्या बोर्डावर टीपीएम नावाची एक चिप असते. सुरू होताना फर्मवेअरपासून कर्नेलपर्यंत जे जे चढतं त्याचा ठसा ती आपल्या चोवीस खणांत नोंदवत जाते. खण पुसता येत नाही. जुन्या ठशात नवा मिसळून पुढचा ठसा बनतो. शेवटी तो ठसा अपेक्षेप्रमाणं आला तरच डिस्कची किल्ली द्यायची, अशी सोय करता येते. व्हर्च्युअल मशीनला चिप कुठून येणार? म्हणून होस्टवरच एक प्रोग्राम टीपीएमचं सोंग घेऊन बसतो. साध्या व्हर्च्युअल मशीनला ते चालतं. पण आपण तर होस्टवरच विश्वास नाही असं ठरवून बसलोय! ज्याच्यापासून लपवायचं, त्याच्याच हातात मोजमाप.

इथं कोकोनट येतं. पूर्ण नाव कोकोनट-एसव्हीएसएम. मार्च 2023 मध्ये सुझे या लिनक्स कंपनीतल्या योर्ग रोडेल यांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याआधी एएमडीनंही तसंच एक सॉफ्टवेअर खुलं केलं होतं. मग हळूहळू कोकोनटच पुढं गेलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं त्यावर एकत्र काम करू लागली. कल्पना सरळ आहे. एसएनपीमध्ये एकाच व्हर्च्युअल मशीनच्या आत चार पायऱ्या असतात, शून्य ते तीन. शून्याला सगळ्यात जास्त अधिकार. आपलं लिनक्स खालच्या पायरीवर चालवायचं, आणि शून्यावर एक अगदी छोटा प्रोग्राम ठेवायचा. लिनक्सला सुद्धा त्याच्या मेमरीला हात लावता येत नाही. टीपीएम त्या छोट्या प्रोग्रामच्या आत. म्हणजे मोजमाप होस्टकडून उचललं आणि आपल्या हद्दीत, आपल्यापेक्षाही वरच्या खोलीत नेऊन ठेवलं.

त्या खोलीतला प्रोग्राम बंद पेटीत असता तर परत तोच प्रश्न आला असता. म्हणून तो खुला असणं ही इथं हौस नाही. शून्य पायरीवर चुकीची एक ओळ असली तर वरचं सगळं एन्क्रिप्शन वाया. त्यामुळंच तो रस्ट भाषेत लिहिलाय, कारण मेमरीच्या ज्या चुकांतून चोर शिरतात त्यातल्या बऱ्याचशा रस्टचा कंपायलरच पकडतो. मला रस्ट येत नव्हतं. कंपायलरनं मला शिकवलं म्हणण्यापेक्षा झोडपलं. आणि एवढं करून टीपीएमचा मूळ गाभा सी भाषेतलाच, मायक्रोसॉफ्टनं प्रसिद्ध केलेल्या नमुना-कोडवरून घेतलेला, सोबत ओपनएसएसएल. हे कळलं तेव्हा पोटात थोडं तुटलं. पण लपवलेलं नव्हतं. फोल्डर उघडला की समोर.

जून 2024 पासून मी ते चालवायला घेतलं. तेव्हा एका आज्ञेत चालण्यासारखं काही नव्हतं. होस्टचं कर्नेल कोकोनटवाल्यांच्या शाखेतून, व्हर्च्युअल मशीन चालवणारं क्यूईएमयू त्यांच्या शाखेतून, फर्मवेअर त्यांच्या शाखेतून, आतल्या लिनक्सचं कर्नेलही तसंच. सप्टेंबरात लिनक्स 6.11 आलं, त्यात आतल्या बाजूचा आधार आला आणि एक काम कमी झालं. तोवर चार कर्नेल बांधून झाले होते. सर्व्हर पुण्यात, मी इथं, मधे आमच्या गावची वीज. इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप, पंखा बंद. पहिल्यांदा कन्सोलवर "कोकोनट सिक्युअर व्हर्च्युअल मशीन सर्व्हिस मॉड्यूल" अशी ओळ उमटली तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, आणि सांगायला जागं कुणीच नव्हतं. बाबा बाहेर अंगणात झोपले होते. मी फोटो काढला. तो फोटो आज बघितला तर काळ्या पडद्यावर चार ओळी आणि कोपऱ्यात मच्छर अगरबत्तीचा धूर, एवढंच दिसतं.

ऑगस्टमध्ये मी घोडचूक केली. डिस्कच्या किल्लीला आतल्या टीपीएमचं कुलूप लावलं. चाललं. ग्राहकाच्या नमुना नोंदी, मीच बनवलेल्या खोट्या नावांच्या, त्या डिस्कवर भरल्या. दोन दिवस राबून चाचण्या लिहिल्या, त्याही तिथंच. मग मशीन बंद करून चालू केलं. डिस्क उघडेना. ठसे तपासले, बरोबर. पुन्हा तपासले. मग दस्तावेज नीट वाचला. त्या वेळच्या कोकोनटमधला टीपीएम दर वेळी नव्यानं जन्मायचा. मशीन बंद झालं की त्याच्या किल्ल्या, ओळख, सगळं संपलं. त्याची स्मृती बाहेर जपून ठेवायची सोय अजून बांधून व्हायची होती, कारण जपायची म्हटली तरी ती होस्टच्याच डिस्कवर जपणार, मग तिची किल्ली कुणाकडं? हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. मी माझ्या हातानं कुलूप लावून किल्ली वितळवली होती. चाचण्यांची दुसरी प्रत नव्हती.

त्यानंतरच्याच आठवड्यात, सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, ढगफुटीसारखा पाऊस झाला. मराठवाडाभर. पैनगंगा फुगली, शेतं तळी झाली, आमच्याकडं वीज गेली ती लवकर आली नाही. माझ्या चाचण्यांचं दुःख त्यापुढं काय सांगायचं? काकांचं सोयाबीन शेंगा धरलेलं पाण्यात उभं होतं.

त्याच सोयाबीननं मला हवे ते शब्द दिले. दिवाळीच्या आधी काकांनी जे हाती लागलं ते काढलं आणि एका आडत दुकानात नेलं. त्या वर्षी हमीभाव 4,892 रुपये, पण बाजारात तेवढा कुठला मिळायला. आडत्यानं मूठभर दाणे ओलावा मोजायच्या मशीनमध्ये टाकले आणि म्हणाला, सोळा. सरकारी खरेदीला बारा टक्के ओलावा चालायचा. नोव्हेंबरात तो पंधरापर्यंत सैल केला, पण तेव्हा नव्हता. काका म्हणाले, पुन्हा बघा. पुन्हा सोळा. काकांनी माल विकला, कारण ट्रॅक्टरचं भाडं चढत होतं. घरी येऊन माझ्या समोर बसले.

"मशीन खोटं होतं असं मी म्हणत नाही," काका म्हणाले. "पण मशीन त्याचं, बटण त्याचं, आकडाबी त्यानंच वाचला. मी नुसता उभा."

"आपलं मशीन नेलं असतं तर?"

"मग तो म्हणला असता, तुमचं मशीन खोटं. त्याच्यावर वजनमापेवाल्याचा शिक्का लागतो की."

मी लॅपटॉप मिटला. सहा महिने मी इंग्रजीतून वाचत होते ते काकांनी दोन वाक्यांत मांडलं होतं. मोजणारं यंत्र मोजून घेणाऱ्याच्या हातात नको. ते आपल्या गाडीत हवं. पण गाडीतलं यंत्र खरं आहे, हे समोरच्याला पटवायला तिसऱ्याचा शिक्काही हवा.

शिक्का एसएनपीत आहे. व्हर्च्युअल मशीन सुरू होतानाच आत काय काय भरलं, त्याचा प्रोसेसर एक ठसा घेतो. 48 बाइट, छापला तर 96 अक्षरं. कोकोनट वापरलं की त्यात कोकोनट आणि फर्मवेअर दोन्ही येतात. मागितला की प्रोसेसर तो ठसा एका अहवालात घालून स्वतःच्या किल्लीनं सही करून देतो, आणि त्या सहीची साखळी एएमडीच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत जाते. सोबत आपले 64 बाइट जोडता येतात. तिथं आम्ही आतल्या टीपीएमच्या ओळखीचा ठसा भरायचो. म्हणजे हा टीपीएम याच खऱ्या खोलीतला आहे, हे बाहेर बसलेल्याला तपासता येतं. होस्ट मधे उभा राहून मशीन बंद पाडू शकतो. हाक पोचू देणार नाही, असंही करू शकतो. पण तो अहवाल बनवू शकत नाही. काकांच्या भाषेत, आडत्या माल घ्यायचं नाकारील, पण आकडा वाचणार नाही.

आता गंमत. शिक्का तपासायचा म्हणजे त्या 96 अक्षरांची तुलना आपल्याला अपेक्षित असलेल्या 96 अक्षरांशी करायची. अपेक्षित अक्षरं कुठून आणायची? तोच कोड घेऊन स्वतः बांधायचा आणि ठसा काढायचा. खुलं असल्याचा खरा उपयोग इथं. नुसतं वाचता येतं म्हणून नाही, पुन्हा बांधून ताडता येतं म्हणून. मी माझ्या लॅपटॉपवर कोकोनट बांधलं. लॅबच्या सर्व्हरवर बांधलं. कोड एक, आवृत्ती एक, कंपायलरही एक. ठसे निराळे.

दोन दिवस गेले. मला आधीचा एक धडा आठवत होता: साध्या एसएनपीत व्हर्च्युअल प्रोसेसर दोनाचे चार केले तरी ठसा बदलतो, कारण प्रत्येकाची सुरुवातीची स्थितीही मोजली जाते. ते तपासलं. तसं नव्हतं. कुणीतरी मधे हात घातला की काय, अशी शंका पहिल्या रात्री आली आणि खरं सांगते, घाबरले. दुसऱ्या दिवशी दोन्ही बायनरी बाइट-बाइट ताडून पाहिल्या. फरक काही ठिकाणीच होता. त्या ठिकाणचे बाइट अक्षरांत छापले, आणि पडद्यावर माझं नाव आलं.

नाव म्हणजे लॅपटॉपवरच्या माझ्या फोल्डरचं. रस्टचा प्रोग्राम कोसळला तर कुठल्या फाईलीत कोसळला हे सांगता यावं, म्हणून कंपायलर फाईलींचे पत्ते बायनरीत भरून ठेवतो. बाहेरून उतरवलेल्या लायब्ऱ्या माझ्या घरच्या फोल्डरात होत्या, त्यामुळं पत्त्यात माझं घरचं टोपणनाव. लॅबवर तिथं "बिल्ड" असा कोरडा शब्द. जगातल्या सगळ्यात मोठ्या अधिकाराच्या त्या खोलीत माझं टोपणनाव कोपऱ्यात लिहून राहिलं होतं, वर्गातल्या बाकावर करकटकानं कोरतात तसं. पत्ते बदलून टाकायचा एक पर्याय कंपायलरला असतो, तो लावला. टीपीएमच्या सी भागाला तसंच काही करावं लागलं. मग दोन्हीकडं बांधलं, ठसे शेजारी शेजारी ठेवले, बोटानं एकेक अक्षर ताडत गेले. कॉम्प्युटरला ते क्षणात करता येतं हे मला माहीत आहे. तरी बोटानंच केलं.

बाबा तेवढ्यात चहा घेऊन आले. "काय करायलीस बोटानं?"

"आकडा वाचतेय बाबा. आपल्या मशीनवरचा."

मी त्यांना दोन्ही ओळी दाखवल्या. वरची पुण्याच्या यंत्रानं सही करून पाठवलेली, खालची माझ्या लॅपटॉपवरची. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खरोखरच ताडून पाहिलं. पहिली दहा अक्षरं, मग शेवटची दहा. केंद्रात आधार नंबर असाच तपासतात ते. मग म्हणाले, "म्हणजे नांदेडच्या दुरुस्तीवाल्यानं उघडलं का नाही, ते यानं कळलं असतं?"

"उघडलंच नसतं."

"आणि ज्यानं हे चिप बनवलं त्यानं?"

इथं मी थांबले. एएमडीवर विश्वास ठेवावा लागतोच. त्यांच्या सहीवर, त्यांच्या छोट्या प्रोसेसरवर, त्यातल्या फर्मवेअरवर. कोकोनट खुलं आहे, चिप खुली नाही. विश्वास संपत नाही; माणसं कमी होतात. आधी क्लाउडवाल्याची अख्खी फौज होती, आता एक चिपवाला. बाबांना ते पटलं की नाही, कळलं नाही. वजनमापेवाल्यावर तरी कोण डोळे मिटून विश्वास ठेवतो, असं म्हणाले आणि चहाचा कप उचलून गेले.

मधल्या काळात मी कोकोनटच्या दस्तावेजात एक छोटी दुरुस्ती पाठवली. दोन ओळींची, एक आज्ञा जुनी राहिली होती. परत निरोप आला की शेवटी "साइन्ड-ऑफ" ही ओळ नाही, ती घाला. म्हणजे हे मीच लिहिलंय आणि द्यायचा हक्क मला आहे, याची नावानिशी कबुली. दोन ओळींसाठी! पण बरं वाटलं. शून्य पायरीवर जी ओळ चढते तिच्याखाली कुणाचं तरी नाव असतं. टोपणनावानं चोरून शिरलेल्या मला या वेळी पूर्ण नाव लिहावं लागलं.

डिसेंबरमध्ये ग्राहकाला आम्ही पहिल्यांदा चालतं दाखवलं. त्या बाईंनी पुन्हा शांतपणे ऐकलं. त्याच आठवड्यात बॅडरॅमची बातमी आली. बेल्जियम, जर्मनी आणि इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवलं होतं की मेमरीच्या पट्टीवर तिची क्षमता लिहिलेली जी बारीकशी चिप असते, तिच्यात खोटं लिहून पट्टी आहे त्याच्या दुप्पट भासवता येते. मग दोन वेगवेगळे पत्ते एकाच जागी पोचतात, आणि मालकीचं जे खातं मी एवढं कौतुकानं सांगितलं, ते मागच्या दारानं गाठता येतं. अहवालातला ठसाही खोटा लावता येतो. एएमडीनं फर्मवेअरची दुरुस्ती दिली. सर्व्हरला हात लागायला हवा, वगैरे अटी होत्या. आम्ही लॅबचं फर्मवेअर बदललं, एएमडीच्या अहवालात फर्मवेअरची आवृत्तीही येते ती तपासायची ओळ घातली, आणि ग्राहकाला स्वतःहून कळवलं. साहेबांना ते आवडलं नव्हतं. मी म्हटलं, त्या बाई विचारणारच आहेत.

घरी बाबांना सांगायला केंद्रात गेले. तेव्हा शेतकरी ओळखपत्राची नोंदणी सुरू झाली होती आणि पीएम-किसानचं ई-केवायसी राहिलेले लोकही तिथंच. ओट्यावर माणसं, आत माणसं, झेरॉक्स मशीनवर कुणाची तरी पिशवी. मी सांगत होते, बाबा टाईप करत ऐकत होते.

"ते करायला यंत्र केवढ्याचं लागलं म्हणतेस?"

"दहा डॉलर. म्हणजे आठ-साडेआठशे रुपये."

बाबांनी टाईप करणं थांबवलं. पडदा थोडा भिंतीकडं वळवला. ही सवय त्यांना त्या ऑगस्टपासून लागली आहे. मग काचेच्या त्या लाल दिव्याच्या यंत्रावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली आणि समोरच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "या मामा. अंगठा इथं ठेवा. दाबून ठेवा, उचलू नका."